चांदण्यातली जेवणं

मागच्या वर्षी आमच्या महिला मंडळानं निबंधस्पर्धा ठेवली. विषय होता 'माझ्या गावचा उन्हाळा'. परीक्षक म्हणून मला सांगितलं, कारण मंडळात लिहिणारी म्हणून माझंच नाव आहे आणि मी मानधन मागत नाही. एकूण एकेचाळीस निबंध आले. काही बेळगावच्या, निपाणीच्या, चिकोडी-रायबागकडच्या बायकांचे, काही लग्न होऊन इंदूरला, वडोदऱ्याला, हैदराबादला गेलेल्या लेकींचे. पोळ्या उरकून दुपारी दोन-दोन, तीन-तीन असे मी ते आठवडाभर वाचले.

पहिले दहा वाचताना डोळे भरून आले. विसाव्यापर्यंत आल्यावर जांभया यायला लागल्या, आणि तिसाव्यावर मी चक्क चिडले. चिडायचं कारण म्हणजे तिसाव्या निबंधात वाक्य होतं : रात्री अंगणात चांदण्यात आमची सगळ्यांची अंगतपंगत बसायची, आमरस-पुरीवर आम्ही ताव मारायचो.

हे वाक्य त्याआधी चार-पाच निबंधांत येऊन गेलं होतं आणि मी ते मुकाट्यानं वाचून पुढं गेले होते. तिसाव्याला मात्र थांबले. ही बाई मला ओळखीची. तिचं माहेर चतुर्थ जैन शेतकऱ्याचं, माझ्या माहेरासारखंच. तिच्या घरात चांदण्यात जेवण? आमच्याकडं दिवस मावळायच्या आत चूल विझायची. कंदील लावल्यावर पाण्याचा घोट घेतला तरी आजी हनुवटी धरून विचारायची, "कुणाच्या घरचं वळण गं हे?" मग ही अंगतपंगत आली कुठून?

मी मागचे निबंध पुन्हा काढले. चांदण्यातलं जेवण लिहिणाऱ्या सगळ्याच जैन घरातल्या. त्यातल्या दोघींना मी फोन केला. एकजण हसली, म्हणाली, "तसं नव्हतं हो, पण उन्हाळ्याचा निबंध म्हणलं की तसंच लिहायचं असतंय न्हवं?"

'तसंच लिहायचं असतंय' हेच ह्या लेखाचं निमित्त आहे.

उन्हाळ्याच्या आठवणींचा मराठीत एक साचा तयार झालेला आहे. आंब्याची अढी, नदीत नाहीतर विहिरीत डुंबणं, आजीची गोष्ट, गच्चीवर चांदण्या मोजत झोपणं, पत्ते, कैरीचं पन्हं, आणि शेवटी एक उसासा : गेले ते दिवस. शाळेच्या निबंधाच्या पुस्तकातनं हा साचा आपल्या हातात येतो, पुढं पुरवण्या आणि दिवाळी अंक वाचून पक्का होतो. शेवया पाडायच्या सोऱ्यासारखा आहे तो. पीठ कुठल्याही घरचं घाला, खाली एकसारखंच पडणार. आमच्या निबंधांत दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा, घटप्रभा अशा वेगवेगळ्या नद्या होत्या, पण नावं झाकली तर कुठला निबंध कुठल्या नदीचा ते मला सांगता आलं नसतं.

त्याहून मोठी गोष्ट मला नंतर दिसली. जवळजवळ प्रत्येक निबंधात लेखिका पोहत होती. पाठीला पत्र्याचा डबा बांधून, काठावरच्या झाडावरनं उड्या मारून, डोळे लाल होईस्तोवर. मी आमच्या नदीचा काठ आठवला. डबे बांधून पोहायला शिकणारी सगळी पोरं होती, पोरी नव्हत्या. पाच-सहा वर्षांची पोरगी काठाला बसून पाय बुडवायची, कुणी मामा-काका बरोबर असला तर कमरेएवढ्या पाण्यात जायची. दहा-अकरा वर्षांची झाली की तेही बंद. असतीलही कुठं कुठं पोहणाऱ्या मुली, नाही म्हणत नाही. पण एकेचाळीस घरांतल्या जवळजवळ सगळ्या पोरी झाडावरनं उड्या मारत होत्या, हे मला पटत नाही. हा साचा बनवला तो बहुतेक पुरुषांनी, म्हणजे सुट्टी असलेल्या पोरांनी. मोठे झाल्यावर त्यांनी आपल्या सुट्टीच्या आठवणी लिहिल्या, त्या खऱ्याच होत्या. आम्ही बायकांनी त्या वाचल्या, आम्हाला आवडल्या, आणि लिहायची वेळ आली तेव्हा आम्ही आमच्या भावांच्या आठवणी लिहून दिल्या.

दुसऱ्यांना नावं ठेवायच्या आधी माझं सांगते. बारा वर्षांपूर्वी मी 'दूधगंगेचा उन्हाळा' नावाचा लेख लिहिला होता. माझं माहेर सदलगा, चिकोडी तालुक्यातलं, दूधगंगेकाठचं गाव. लेख छापून आला, चार ठिकाणाहून फोन आले, एका बाईनं तर कात्रण जपून ठेवल्याचं सांगितलं. ह्या संग्रहात तो पहिला घालायचा असं ठरलं होतं. त्यात मी लिहिलं होतं की उन्हाळ्यात गावात कुणालाच काही काम नसायचं, दिवस आपोआप सरायचे, आणि आम्ही भावंडं नदीत तासन्‌तास डुंबायचो. खरं काय, तर भाऊ डुंबायचे आणि मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचे. त्यांचे कपडे दुसरी पोरं वाळूत पुरून ठेवायची, म्हणून राखणीला मी. हे मला लिहिताना आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं, पण ते लेखात शोभणार नाही असं वाटलं.

तो लेख मी माहेरी नेला होता. दादानं वाचला, पिशवीतला चष्मा काढून पुन्हा वाचला, खूश झाला. वैनींनी रात्री, सगळं आवरल्यावर वाचला. त्या सातवीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेल्या, मराठी सावकाश वाचतात. वाचून झाल्यावर घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या, "छान लिवलंय वन्सं. खरं एक इच्यारू? कुणालाच काम नव्हतं म्हंतासा, मग पाणी कोण आणत व्हतं?"

मी हसण्यावारी नेलं. पण त्या प्रश्नानं बारा वर्षं माझी पाठ सोडली नाही, आणि ते एकेचाळीस निबंध वाचताना पुन्हा समोर येऊन उभा राहिला.

आता पाण्याचंच सांगते. वैशाखात दूधगंगा आटून गुडघ्यावर यायची. पात्रात वाळूत झरा उकरायचा, वाटीवाटीनं पाणी भरायचं. घरी आणल्यावर ते दुहेरी कापडातनं गाळायचं. गाळणं तसंच झटकायचं नाही, उलटं करून वरनं गाळलेलं पाणी ओतायचं आणि ते धुवण पुन्हा जिथलं पाणी तिथंच नेऊन सोडायचं, म्हणजे त्यातला जीव आपल्या जागी जातो. आपल्या घरांत हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जे पाणी एकदा डोक्यावरनं आणलं त्यातला तांब्याभर भाग परत नदीपर्यंत पोचवायचा, म्हणजे आणखी एक फेरी, हे कुठल्या निबंधात आलं का? एकाही नाही. अहिंसेवर आपण व्याख्यानं ऐकतो, ती फेरी कुणाच्या पायांनी होते हे लिहीत नाही.

मग मनात आलं, आपल्याला लिहायलाच येत नाही का? तसं नाही. ज्यांना येतं त्यांनी कसं लिहिलं ते बघण्यासाठी मी कपाटातली तीन पुस्तकं काढली.

पहिलं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे', 1934 पासून भागाभागांनी आलेलं. लक्ष्मीबाईंचं माहेर नाशिकजवळचं जलालपूर, गोदावरीच्या काठचं. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं इतकं वेड होतं की घरातल्या बायकामुलांचा जीव धुण्याभिजवण्यात मेटाकुटीला यायचा. हे त्यांनी लपवलं नाही, आणि वडिलांना खलनायकही केलं नाही. हसत हसत सांगितलं. वाचताना आपण हसतो आणि त्या घरातल्या बाईचे हात किती भेगाळले असतील तेही डोळ्यांसमोर येतं. माहेरावरचं प्रेम आणि माहेरचं खरं, दोन्ही एका ओळीत मावतं हे त्या पुस्तकानं नव्वद वर्षांपूर्वीच दाखवून ठेवलंय.

दुसरं आनंद यादवांचं 'झोंबी', 1987 सालचं, 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. ते तर आमच्याच नदीचं. कागल दूधगंगेवर वरच्या अंगाला, आम्ही खाली. मधे आता राज्याची हद्द आहे, पाणी तेच. त्यातल्या पोराला शाळा शिकायची आहे आणि बापाला तो रानात राबायला पाहिजे आहे. त्या पोराला सुट्टी नावाची गोष्ट ठाऊक नाही. मोट, पाणी पाजणं, शेणघाण, धाकट्या भावंडांचं ओझं हेच त्याचे बारा महिने. मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला धक्का बसला तो गरिबीचा नव्हे. त्या वेळी आमच्याही रानात असा पोरगा होता, त्याचं नाव मला आठवेना, ह्याचा धक्का. तो आमच्या बैलांमागं असायचा आणि आम्ही सावलीत कलिंगड खात असायचो. माझ्या 'कुणालाच काही काम नसायचं' ह्या वाक्यात तो पोरगा मी पुसून टाकला होता, वैनींच्या सोबतीनं.

तिसरं पुस्तक 'मूकमाटी'. आचार्यश्री विद्यासागर महाराजांचं हे हिंदी महाकाव्य 1988 मध्ये आलं. महाराजांचा जन्म 1946 चा, सदलग्याचा, आणि 1968 मध्ये अजमेरला त्यांची मुनिदीक्षा झाली, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गावात त्यांच्याविषयी भक्तीनं बोलतात, पुस्तक फार कमी जणांनी वाचलंय. मीही घाबरतच उघडलं होतं. त्यात सुरुवातीलाच नदीकाठची माती धरती-आईशी बोलते. पायदळी तुडवली गेलेली ती माती म्हणजे साधक, आणि कुंभार, चाळणं, मळणं, भट्टी हा तिचा मोक्षमार्ग. हे रूपक आहे, गावाचं वर्णन नाही, हे मला कळतं. तरी वाचताना तो काठ मला ओळखीचा वाटला, आणि ते गावच्या बाईचं खुळ म्हणून सोडून द्या. मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. ह्या काव्यात नदीचा काठ सुंदर आहे म्हणून तिथं बसून राहायचं नाही. माती उचलली जाते, तिच्यातले खडे वेगळे काढले जातात, मग ती कामाची होते. आपल्या आठवणींचंही असंच करायला पाहिजे की नाही? आपण खडे तसेच ठेवतो आणि वर रंग देतो.

इथं कुणी म्हणेल, मग काय नुसतं कष्टाचं रडगाणं लिहायचं? बायकांनी आनंदाचं लिहूच नये? मंडळाच्या बैठकीत हाच प्रश्न मला विचारला गेला, तोही चढ्या आवाजात. म्हणून आनंदाचंच बोलते.

आमच्या गावात उन्हाळ्यात बायकांचा आनंद होता, आणि तो पोरांच्या पोहण्यापेक्षा कमी नव्हता. पण तो साच्यात बसत नाही म्हणून लिहिला गेला नाही. एक म्हणजे वाकळा धुणं. पावसाळ्याआधी घरातल्या सगळ्या वाकळा, घोंगडी, जाजमं नदीला न्यायची. गाडीत गठ्ठे टाकायचे आणि चार घरच्या बायका मिळून पहाटेच निघायच्या. ओली वाकळ एकटीला उचलत नाही, दोघींनी दोन टोकांनी पिळायची. सासू एका टोकाला, सून दुसऱ्या टोकाला. वर्षभरात त्या दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत समोरासमोर उभ्या राहायच्या त्या बहुतेक तेवढ्याच दिवशी. त्या दिवशी पुरुषांना तिकडं यायला बंदी, ती कुणी घातली नव्हती पण सगळे पाळायचे. दगडावर वाकळ आपटताना ज्याच्या त्याच्या नावानं आपटली जायची. कुणी भाऊबंदकीच्या, कुणी सावकाराच्या, आणि एकदा एका काकूंनी देवमाणूस समजल्या जाणाऱ्या आपल्या नवऱ्याच्या नावानं अशी आपटली की धुतल्यावर दोन ठिगळं निघाली. सगळ्या पोट धरधरून हसत होत्या, माझी आजी तर पाण्यात बसली. वाळूवर वाकळा पसरल्या की लाल-हिरव्या-जांभळ्या चौकोनांनी अख्खा काठ झाकून जायचा. मग सावलीला बसून भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कैरी. आणि जेवण झाल्यावर सगळ्याजणी साड्यांसकट पाण्यात. आजीसुद्धा. पोहायला एकीलाही येत नव्हतं. नुसत्या गळ्यापर्यंत बसून राहायच्या.

हे मी बारा वर्षांपूर्वी का लिहिलं नाही? कारण ते काम होतं, आणि कामात सुट्टीचा आनंद असतो असं माझ्या वाचनात कुठं आलं नव्हतं.

दुसरा आनंद संध्याकाळचा. चांदण्यातल्या जेवणाचं खोटं लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी खरं लिहिलं असतं तर ते जास्त सुंदर झालं असतं. उन्हाळ्यात दिवस मावळायला पावणेसात-सात व्हायचे, त्याच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची म्हणजे दुपारी चार-साडेचारला, ऐन तापलेल्या वेळी, चुलीपुढं बसायचं. हे हाल खरे. पण एकदा का दिवस मावळला की स्वयंपाकघर बंद. कुणी पाहुणा आला, नवरा बाजारातनं उशिरा आला, तरी चूल पेटणार नाही. ज्या घरांत रात्री जेवतात तिथल्या बायकांना ही गोष्ट सांगितली की त्या हेव्यानं बघतात. आमच्या आईला दिवसभरात हक्काचा वेळ मिळायचा तो हाच. अंगणात पाणी मारलेलं, मंदिरातनं आरतीचा आवाज, आणि आई पाय पसरून बसलेली. तिच्या हातात काही नाही. हात रिकामे असलेली आई मी फक्त उन्हाळ्याच्या रात्री पाहिली, कारण हिवाळ्यात अंधार लवकर पडला तरी थंडीनं सगळे आत. आपल्या धर्माच्या एका नियमानं आपल्या आईला तीन तास दिले, ह्याच्यावर एकेचाळीसातल्या एकीनंही लिहू नये, आणि उलट त्या तीन तासांत तिला चांदण्यात पुऱ्या तळायला बसवावं?

आता बक्षिसाचं. एकेचाळीसात एक निबंध वेगळा निघाला. दीडच पान, अक्षर वाकडंतिकडं, आंबा नाही, नदी नाही. लेखिका अकरा वर्षांची असताना वैशाखात गावात मुनिसंघ आला होता. आईनं चौका लावला. विहिरीनं तळ गाठलेला, चौक्याला ताजं पाणी पाहिजे, म्हणून आई पहाटे चारला विहिरीवर जायची. स्वयंपाक शुद्ध, वस्त्रं सोवळ्याची, दारात रांगोळी, हातात कलश. मुलगी उपाशीच, कारण महाराजांचा आहार झाल्याशिवाय घरात कुणी खाणार नाही. महाराज दारापर्यंत आले आणि पुढं निघून गेले. मनात धरलेला नेम इथं जुळला नसेल. पहिल्या दिवशी असं झालं, दुसऱ्या दिवशीही झालं. आईनं तोंडातनं शब्द काढला नाही, संध्याकाळी पुन्हा दोर-घागर काढली. तिसऱ्या दिवशी मुलगी दाराशीच झोपून गेली, आणि जागी झाली तेव्हा महाराज आहार घेऊन गेले होते, आई रिकाम्या कलशाजवळ बसून रडत होती. निबंधाचं शेवटचं वाक्य एवढंच की ती का रडत होती हे मी तिला विचारलं नाही, आता विचारायला ती नाही.

मी ह्याला पहिला नंबर दिला. बैठकीत गोंधळ झाला. एक म्हणाली, विषय उन्हाळ्याचा आनंद होता, ह्यात आनंद कुठाय? दुसरी म्हणाली, शुद्धलेखन बघा जरा. तिसरी म्हणाली, महाराज दारावरनं गेले असं लिहिणं बरं दिसत नाही. मी तिसरीला विचारलं, "दारावरनं जाणं हा त्यांच्या चर्येचाच भाग आहे, मग त्यात कमीपणा कुणाचा?" ती गप्प बसली, पण पटलं नाही हे तोंडावर दिसत होतं. शेवटी तडजोड म्हणून दोघींना विभागून पहिला नंबर दिला. दुसरा निबंध आंब्याचा. ह्या तडजोडीला मी मान्यता दिली, सही केली. त्याचं मला अजून बरं वाटत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, जी लिहायला मला वर्ष लागलं. त्या एकेचाळीस निबंधांत एकही निबंध सासरच्या गावाचा नव्हता. लिहिणाऱ्या सगळ्या पन्नाशीच्या आसपासच्या. माहेरी वीस-बावीस वर्षं राहिलेल्या, सासरी तीस-पस्तीस. तरी 'माझं गाव' म्हटल्यावर सगळ्यांना माहेरच आठवलं. का? कारण सासरच्या गावात आपल्याला उन्हाळ्याची सुट्टी कधी नव्हती. तिथं मे महिना म्हणजे नणंदा, त्यांची पोरं, पापड, सांडगे, कुरडया, वर्षाचं तिखट, आणि गाद्या कमी पडल्या म्हणून आपण चटईवर. आपण माहेरी जाऊन नणंद होतो तेव्हा तेच सगळं आपली वैनी करत असते. माझा 'दूधगंगेचा उन्हाळा' म्हणजे वैनींची मे महिन्यातली ड्युटी.

गेल्या मे महिन्यात मी सदलग्याला गेले तेव्हा वैनींना हे बोलून दाखवलं. त्या शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "मला इथं येऊन छत्तीस वरसं झाली वन्सं. ह्या नदीचं पाणी तुमच्यापरीस मीच जास्त आणलंय. 2019 च्या पुरात घर सोडताना मी रडलो, तुमचा दादा न्हाई. तरीबी पंचमीला कुणी इच्यारलं तर मी म्हंतो, माजं गाव ऐनापूर. मला तसं म्हणायची सवय लागली, आणि तुमाला पन."

वैनींना गावावर प्रेम करा असं कुणी शिकवलं नाही, त्यांनी त्याच्यावर लेखही लिहिला नाही. पण नदीचं आज काय चाललंय हे मला दादाकडनं नाही, वैनींकडनं कळतं. वाळू उपसून उपसून काठाला खड्डे पडलेत, झरा उकरायला वाळूच राहिलेली नाही. काळम्मावाडीच्या धरणानंतर उन्हाळ्यात पाणी सोडलं की येतं, नाही सोडलं की नाही येत, आपोआप आटणारी नदी आता कुठली. वर सुळकूडहून इचलकरंजीला दूधगंगेचं पाणी न्यायची योजना निघाली तेव्हा काठच्या गावांनी विरोध केला, पण वैनी म्हणाल्या, "तितल्याबी बायकांनी पाणी कुठनं आणायचं मग?" एवढा प्रश्न मला सुचला नव्हता. मी नुसती 'आमची नदी' म्हणून तावातावानं बोलत होते. गावावरचं प्रेम आपल्याला अडाणीही करू शकतं, हे तेव्हा कळलं.

मी 'दूधगंगेचा उन्हाळा' ह्या संग्रहातनं काढला. प्रकाशकांनी विचारलं, चांगला होता की, का काढता? म्हटलं, त्यातलं कलिंगड तेवढं खरं आहे. त्याच्या जागी हा लेख घातला आहे. ज्यांनी ते कात्रण जपून ठेवलंय त्यांची मी माफी मागते. तो लेख खोटेपणानं लिहिला नव्हता, पण न बघता लिहिला होता, आणि वाचणाऱ्याच्या दृष्टीनं दोन्हीत फार फरक नाही.

यंदा पुन्हा स्पर्धा आहे. विषय ठरवायचं माझ्याकडं आलं तेव्हा मी सुचवलं, 'माझ्या सासरच्या गावचा उन्हाळा'. थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग एकजण म्हणाली, "वाचल्यावर घरात भांडणं लागतील हो." सगळ्या हसल्या, पण विषय मंजूर झाला. तुम्हांला एवढंच सांगते, लिहिताना चांदणं असेल तर जरूर लिहा. त्या चांदण्यात कोण काय करत होतं ते आधी आठवा, तुम्ही काय करत होता तेही. पोहत नसाल तर पोहलो असं लिहू नका. काठावर कपडे सांभाळत बसलेल्या पोरीलाही नदी दिसत असते, आणि बहुतेक वेळा पोहणाऱ्यापेक्षा तिलाच जास्त दिसते.

वैनींनाही मी लिहायला सांगितलंय. त्या म्हणाल्या, "मी कन्नडात लिवतो, तुमी मराठी करा." मी हो म्हटलंय. त्यात कपडे सांभाळणाऱ्या नणंदेविषयी जे काही असेल ते तसंच्या तसं उतरवायचं, असंही कबूल करून बसले आहे.